मठातला मृत्यू आणि नावाची राखण

आपल्याकडे गेलेल्या माणसाचे श्राद्ध मुलगा करतो. ज्याने संसारच केला नाही, त्या कॅथलिक मठवाशाचे कोण करणार? त्याला ‘बंधू’ म्हणणारेच त्याचे वारस ठरतात. ते त्याच्यासाठी स्तोत्रे म्हणतात, मिस्सा अर्पण करतात. अनेक मठांत मृताचे नाव तारखेनुसार वहीत चढते आणि दरवर्षी त्या दिवशी सर्वांसमोर वाचले जाते. ही चाल आपल्या पुण्यतिथीच्या जवळची. मात्र हे स्मरण रक्ताच्या वंशावर चालत नाही. मठ नांदता असेल तोवरच चालते.

म्हणून जुन्या गोव्यातले सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष मला अस्वस्थ करतात. रत्नागिरीच्या घरांना असतो तोच जांभा तिथे रचलेला आहे. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. १६०२ मध्ये त्यांचे भव्य चर्च पूर्ण झाले. १८३४ च्या पोर्तुगीज हुकमाने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त झाले आणि पुढच्या वर्षी गोव्यातला मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा काही भाग. मनोऱ्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे.

अवशेषांत जमिनीत बसवलेल्या समाधिशिळा अजून आहेत. पण दगडावर नाव कोरलेले असणे वेगळे आणि ते दरवर्षी कुणीतरी उच्चारणे वेगळे. वंश खुंटला की पिंड थांबतो. इथे मठ मोडला आणि बंधूंची नावे वाचणारेच उरले नाहीत.