नाच बसतो तेव्हा

मराठीत नाच ‘बसवतात’. नाटक बसवतात, गाण्याची चाल बसवतात, तसाच नाच. शिवणाला हात बसतो, नऊवारीच्या निऱ्यांची घडी बसते, दुकानाचा जम बसतो. ज्यात कुणी क्षणभर एका जागी थांबत नाही, त्या गोष्टीला ‘बसली’ म्हणायचं, हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं. गेल्या डिसेंबरात भाचीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी रोज बघायला मिळाल्या. तिला आणायला जायचो आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचो. मग हळूहळू कळलं की तो शब्द किती अचूक आहे.

नववीच्या सोळा मुली, एक कोळीगीत, वेळ तीन मिनिटं. नाच बसवायला बाहेरून एक ताई येत. त्यांच्या हातात एक वही असे आणि वहीत आठ-आठचे रकाने. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आठ ठोक्यांचा एक ‘एट’ चार सेकंदांचा, आणि तीन मिनिटांत असे ४५ ‘एट’. प्रत्येक रकान्यात कोण कुठे उभी, कुठला पाय आधी, तोंड कुठे, हे सगळं खुणांनी भरलेलं. धृपद परत येतं तेव्हा त्याच स्टेप्स परत येतात म्हणून बरं; तरीही नवे असे वीस-पंचवीस ‘एट’ उरतातच. पंचविसांना आठाने गुणलं की दोनशे हालचाली. दोनशे आकड्यांची यादी कुणी आठवड्यात पाठ करायला सांगितली असती, तर या मुलींनी घरी तक्रार केली असती. हे दोनशे त्यांनी हसत-खिदळत पाठ केले.

कसे, त्याची गंमत ताईंच्या तोंडी होती. पहिल्या दिवशी त्या म्हणत, ‘‘उजवा पाय पुढे, वाका, हात खाली, हात मागे, सरळ व्हा...’’ तिसऱ्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, ‘‘वल्हं!’’ आणि सोळा मुली वाकल्या. आठ सुट्या हालचाली एका शब्दात शिरल्या होत्या. मग ‘जाळं’ आलं, ‘लाट’ आली, ‘टोपली’ आली. सहाव्या दिवशी ‘वल्हं-वल्हं-लाट-जाळं’ मिळून पहिलं कडवं झालं, आणि मग त्या नुसतं ‘पहिलं कडवं’ एवढंच म्हणू लागल्या. आपल्या स्मृतीला एका वेळी मोजक्याच गोष्टी तोलता येतात. पण त्या गोष्टींचं गाठोडं बांधलं की गाठोडं एकच मोजलं जातं. मग गाठोड्यांचंही गाठोडं बांधता येतं. दोनशे हालचाली अशा चार-पाच गाठोड्यांत मावतात.

आणखी एक कसब मी टक लावून बघत राहिलो. ताई मुलींकडे तोंड करून उभ्या राहत आणि तोंडाने ‘उजवा’ म्हणत स्वतःचा डावा हात उचलत. समोरच्या मुलींना आरशात बघितल्यासारखं दिसावं म्हणून. घरी करून बघा: ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणत डावीकडे पाऊल टाका, तेही ठोक्यावर. मला चार पावलं जमली नाहीत. त्या तासभर करत होत्या, आणि मधेच कुणाची वेणी सुटली तर तेही त्यांना दिसत होतं.

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. प्रत्येक वेळी गाणं सुरू व्हायच्या आधी ताई म्हणत, ‘‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!’’ नाच शिकवणारे पुष्कळ जण असंच म्हणतात. सुरुवात पाचापासून का? कारण मेंदूला वेगाचा अंदाज घ्यायला थोडे ठोके लागतात. दोन ठोक्यांमधलं अंतर कळलं की पुढचा ठोका कधी पडणार हे तो आधीच ठरवून टाकतो. आणि ठरवावंच लागतं. डोळ्यांनी काही बघून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, कानांनी ऐकून त्याहून थोडा कमी. ठोकाच मुळात अर्ध्या सेकंदाचा! म्हणजे ठोका ऐकून मग पाय टाकणारी मुलगी कायम उशिरा पोचणार. जी वेळेवर पोचते, तिने पाय उचलला तेव्हा तो ठोका अजून वाजलेलाच नव्हता.

ही गोष्ट प्रयोगशाळेत फार पूर्वीच दिसली आहे. टिकटिक यंत्राबरोबर बोटाने टेबलावर ठोका द्यायला सांगितला, तर बहुतेक माणसं टिकटिकीच्या किंचित आधी ठोका देतात, सेकंदाच्या काही शतांश आधी. त्यांना मात्र वाटतं की आपण अगदी बरोबर आहोत.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी सतत मागे पडायची. ताईंनी तिला आळशी म्हटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘शेजारणीकडे बघू नकोस.’’ त्या एका वाक्यात किती शहाणपण होतं! ती शेजारणीचं बघून करत होती, म्हणजे दर वेळी पाव सेकंद, अर्धा ठोका मागे. कितीही चपळ असती तरी मागेच राहिली असती. ताईंनी तिला चक्क डोळे मिटून एक कडवं करायला लावलं. चुकली, पण वेळेवर चुकली.

मैदानावर लेझीम बघितली असेल तर याचं दुसरं रूप तुमच्या नजरेतून गेलं असेल. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात सांगलीकडचे शेकडो लेझीमवाले एकत्र खेळले होते. एवढ्या मोठ्या मैदानात हलगी एका टोकाला असेल, तर तिचा आवाज शंभर मीटरवरच्या मागच्या रांगेला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जवळजवळ लागतो; आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. सगळ्यांनी फक्त कानांवर भिस्त ठेवली, तर लेझीम पुढून मागे लाटेसारखी सरकत जाईल. शाळेच्या मैदानावर कवायत चालू असताना मागच्या रांगा किंचित उशिरा वाकताना दिसतात, त्यात मागच्या मुलांचा दोष असतोच असं नाही.

नाच ‘बसतो’ तो मात्र तालमीत नाही, असं मला वाटायला लागलं. संध्याकाळी अडखळलेलं कडवं दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सुटायचं. मधे काय झालं? झोप. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी पाच कळांचा एक क्रम दाबायला शिकवला. दिवसभर जागं राहिल्याने फारसा फरक पडला नाही. रात्रभर झोपल्यावर मात्र, मधे एकदाही सराव न करता, वेग साधारण वीस टक्क्यांनी वाढला. बोटं म्हणजे काही सगळं शरीर नव्हे. तरी ‘आता झोपा, उद्या बसेल’ म्हणणाऱ्या आज्या मला तेव्हा आठवल्या.

आणि मार्किंग. पाण्याच्या नळासमोरच्या रांगेत भाची उभी होती. एक हात बाटलीवर, दुसऱ्या हाताची दोन बोटं भिंतीवर चालत होती: पुढे, पुढे, गिरकी, मागे. पूर्ण नाच दोन बोटांत! नाचणारे लोक पूर्ण जोर न लावता असं खुणेखुणेने नाचून घेतात. आपल्याला वाटतं दम वाचवतायत. पण बॅलेच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक नाच पूर्ण जोराने आणि दुसरा असा खुणेने घटवायला सांगितला, तर खुणेने घटवलेला नाच नंतर जास्त चांगला उतरला. अंगाला कष्ट नसले की मन क्रमावर मोकळेपणी रेंगाळू शकतं.

रांगा बदलण्याचा भाग ताईंनी दोन दिवसांत उरकला. खडूने फरशीवर फुल्या, मागच्या मुलींनी पुढच्यांच्या गॅपमध्ये उभं राहायचं, आणि प्रत्येकीने निदान एका कडव्याला पहिल्या रांगेत यायचं. सोळा आया समोर बसणार होत्या.

एकत्र नाचल्याने माणसाला होतं तरी काय? याचं एक उत्तर ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या मुखावरच्या माराझो बेटावर सापडलं. ब्रॉन्विन टार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २६४ शाळकरी मुलामुलींना छोट्या गटांत नाचायला लावलं. काही गट एकसाथ नाचले, काहींचा मेळ मुद्दाम मोडला. काहींनी सगळं अंग हलवलं, काहींनी बसल्याबसल्या नुसते हात. नाचाआधी आणि नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून कुठवर सहन होतं ते मोजलं. जोरात नाचल्याने वेदना सोसायची ताकद वाढली, हे समजण्यासारखं आहे. पण नुसतं एकसाथ हलल्यानेही, दमणूक नसतानाही, ती वाढली. बरोबर नाचलेली मुलं आपली वाटू लागली ती वेगळीच. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. मी तो वाचला आणि तालमीनंतर एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून फरशीवर पडलेल्या सोळा मुली डोळ्यांपुढे आल्या.

संमेलनाच्या रात्री दुसऱ्या कडव्याला स्पीकरची वायर निसटली. गाणं गप्प झालं. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी पडद्यामागे धावलं. रंगमंचावर एकही मुलगी थांबली नाही. पायांचे आवाज, बांगड्या, आणि कुणाचा तरी जोरात सुटलेला श्वास. वल्हं, वल्हं, लाट. दोन-तीन ‘एट’ असेच गेले असतील. मग गाणं परत आलं, आणि लक्षात आलं की मुली गाण्याच्या पुढे निघून गेल्या होत्या. फार नाही, अर्धा ठोका. पण सगळ्या सोळा, सारख्याच अर्ध्या ठोक्याने, दुसऱ्या रांगेतली ती मुलगीसुद्धा.