उभ्या ट्रॅक्टरचे टायर
(द्वितीय वर्ष, कला)

टायर कशाने खराब होतो, असे कोणालाही विचारा. 'चालून चालून झिजतो,' हेच उत्तर मिळेल. आमच्या घरीही हीच समजूत होती. गेल्या वर्षी आमचा ट्रॅक्टर सुमारे दहा महिने बांधावरच्या बाभळीखाली उभा होता. नांगरटीसाठी बाहेर काढला, तर मागच्या दोन्ही टायरांच्या कडांना बोटाचे टोक शिरेल एवढ्या भेगा! वरची नक्षी मात्र जवळजवळ नवी होती. पंक्चरवाला म्हणाला, "दादा, हे टायर चालून गेले नाहीत, बसून गेले." नव्या जोडीला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात माझी व बहिणीची वर्षाची फी भागली असती. म्हणून हा लेख.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. शेते इमारतींच्या मधे सापडली, वाटण्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या. एके काळी ज्या ट्रॅक्टरला उसंत नसे, तो आता महिनोन् महिने उभा असतो. तेव्हा ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नव्हे.

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. हवा भरलेले रबरी टायर अमेरिकेत १९३२ च्या सुमारास ट्रॅक्टरला बसू लागले. रबर हा लांबच लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने या साखळ्या एकमेकींत गुंफण्याची युक्ती शोधली. तेव्हापासून रबर टिकाऊ झाले. पण या साखळ्यांतील काही दुवे ओझोन वायू सहज तोडतो. उंच आकाशात आपले रक्षण करणारा हाच ओझोन, वाहनांच्या धुरावर ऊन पडले की जमिनीलगतही तयार होतो. सोलापूर रस्त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना धुराविषयी वेगळे सांगायला नको.

ओझोनचा घाव मुख्यतः ताणलेल्या रबरावर बसतो. उभ्या ट्रॅक्टरचे सारे वजन टायरच्या एकाच भागावर येते, तेथील कड फुगते व ताणली जाते. हवा कमी असेल तर ती अधिकच दुमडते. यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरात एक प्रकारचे मेण घालतात. चाक फिरते, टायर दबतो-सुटतो, तसतसे हे मेण पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरते. उभ्या चाकाला हे कवच पुरेसे मिळत नाही. उन्हापासून बचावासाठी रबरात काजळी मिसळलेली असते. टायर काळा असण्याचे एक कारण हेच. तरीही सततच्या उन्हापुढे तिचे सामर्थ्य अपुरे पडते.

मग करावे काय? ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा करण्यापूर्वी टायर साध्या पाण्याने धुऊन चिखल, शेण व खताचे कण काढावेत आणि वाळू द्यावेत. चमक यावी म्हणून डिझेल, रॉकेल किंवा जुने ऑईल पुसण्याची पद्धत अगदी घातक आहे. त्याने रबर फुगते व मऊ पडते. ट्रॅक्टर सावलीत, कोरड्या व कठीण जमिनीवर उभा करावा. चालती विजेची मोटर व वेल्डिंगची जागा यांपासून तो दूर असावा, कारण तेथेही ओझोन निर्माण होतो. जागा नसेल तर निदान चाकांवर ताडपत्री किंवा गोणपाट टाकावे.

सर्वांत उत्तम म्हणजे सपाट जागी, जॅक लावून, आसाखाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्यावेत व चाके जमिनीपासून सुटी ठेवावीत. हे काम एकट्याने करू नये. ते जमत नसेल तर हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवून दर महिन्याला तपासावी. मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरलेले असल्यास व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून मगच हवा मोजावी. पंधरा दिवसांतून एकदा ट्रॅक्टर थोडा फिरवून आणावा. म्हणजे वजन दुसऱ्या भागावर येते आणि मेणही वर येते.

यंदा आमचा ट्रॅक्टर पडवीत ठोकळ्यांवर आहे. महिन्यातून एकदा हवा पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शेत किती वर्षे राहील हे घरात कोणीच सांगू शकत नाही; पण ज्या दिवशी वाफसा येईल, त्या दिवशी ट्रॅक्टर तयार असला पाहिजे, असे आजोबांचे म्हणणे आहे.