दोष अ‍ॅल्युमिनियमचा की टायरमधल्या हवेचा?

साठवलेल्या पैशांतून घेतलेली माझी पहिली रोड सायकल अ‍ॅल्युमिनियमची होती. पहिले ४० किलोमीटर मजेत जायचे. ८० नंतर हातांना मुंग्या यायच्या. एकदा १०० किलोमीटर पूर्ण करून पुण्याकडे परतताना कात्रजचा जुना घाट उतरत होते, तेव्हा ब्रेक नक्की किती दाबलाय हेच बोटांना कळेना. कशीबशी घरी पोहोचले. हेल्मेटचं बक्कल शेवटी आईने काढलं.

ग्रुपमध्ये सगळ्यांचं निदान एकच होतं, ‘अ‍ॅल्युमिनियम आहे ना, हाडं खिळखिळी होणारच. कार्बनची घे.’ कार्बनच्या सायकलच्या किमतीत चांगली स्कूटर येते. म्हणून आधी दोष खरंच फ्रेमचा आहे का, ते शोधायचं ठरवलं.

बदनामी कुठून आली?

अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी असतो. ही उणीव भरून काढायला फ्रेमच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. व्यास थोडा वाढला तरी नळीचा ताठपणा खूप वाढतो. १९८३मध्ये कॅननडेलने अशा जाड नळ्यांच्या सायकली आणल्या. त्या हलक्या होत्या, पण ताठही होत्या. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे दणके, हा समज अशाच सायकलींमुळे पसरला.

याउलट, फ्रान्सच्या विटस कंपनीच्या सायकलींच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बारीक होत्या आणि त्या फ्रेम लवचीक म्हणून ओळखल्या जायच्या. आयर्लंडच्या शॉन केलीने १९८०च्या दशकात विटसवर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. १९९८मध्ये मार्को पंतानीने इटली आणि फ्रान्सच्या तीन-तीन आठवड्यांच्या दोन्ही शर्यती बियांकीच्या अ‍ॅल्युमिनियम सायकलवर जिंकल्या. म्हणजे नुसत्या धातूवरून सायकल आरामदायी आहे की नाही, हे ठरत नाही. आता तर चांगल्या अ‍ॅल्युमिनियम सायकलला पुढचा फोर्क, म्हणजे चिमटा, बहुतेक वेळा कार्बनचाच असतो.

शिवाय फ्रेम त्रिकोणांची बनलेली असते. खड्ड्यात ती उभ्या दिशेने फारच कमी दबते. टायर मात्र सहज काही मिलिमीटर दबतो. त्यामुळे दणका शोषण्याचं मोठं काम टायरच करतो.

आधी हवा तपासा

माझी चूक इथेच होती. टायरवर १२० पीएसआय लिहिलेलं, म्हणून मी ११० भरत होते. पण तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, सल्ला नव्हे. इतकी हवा भरली की टायर दगडासारखा होतो आणि रस्त्याची प्रत्येक खडी थेट मनगटापर्यंत पोहोचते.

६५ ते ७० किलो वजनाच्या व्यक्तीने सुरुवात साधारण अशी करावी:

• २५ मिमी टायर: ८० ते ९० पीएसआय
• २८ मिमी टायर: ६५ ते ७५ पीएसआय
• ३२ मिमी टायर: ५० ते ६० पीएसआय

मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून पुढच्या चाकात थोडी कमी हवा ठेवा. वजन जास्त असेल तर आकडा वाढवा. हवा फारच कमी झाली, तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. गेज असलेला पंप घ्या आणि प्रत्येक राइडआधी हवा बघा.

मग टायरची रुंदी

२५ऐवजी ३२ मिमीचा टायर बसवला, तर हवेला दीडपटीहून जास्त जागा मिळते. रुंद टायरने वेग कमी होईल ही भीतीही सोडा. व्यावसायिक शर्यतींतले सायकलपटूसुद्धा २३ मिमीवरून २८ आणि त्याहून रुंद टायरकडे वळले आहेत. खडबडीत रस्त्यावर शरीर हादरण्यात जी ताकद वाया जाते, ती इथे वाचते.

मात्र खरेदीआधी फ्रेममध्ये जागा आहे का ते मोजा. टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण ४ मिमी अंतर हवं. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत बऱ्याचदा २५ किंवा २८ मिमीपर्यंतच टायर बसतो.

शरीर टेकतं ती ठिकाणं

हात: करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. कोपरं किंचित वाकवा आणि दर काही मिनिटांनी पकड बदला. हँडल फार लांब वाटत असेल, तर दुकानात आखूड स्टेम लावून घ्या. जाड बार टेपचाही उपयोग होतो. बधिरपणा दोन-तीन दिवस टिकला, तर डॉक्टरांना दाखवा.

सीट: मऊ सीट चांगली, हा गैरसमज आहे. बसण्याच्या हाडांना आधार देईल इतकी रुंद सीट हवी. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेल्यावर गुडघा सरळ झाला, तर उंची साधारण बरोबर आहे. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणीने कातडी सोलवटते.

एवढं करूनही पाठीला दणके बसत असतील, तर कार्बनच्या सीटपोस्टचा विचार करा. नवीन सायकल हा शेवटचा पर्याय.

लांब पल्ल्याला आराम ही चैन नाही. २०० किलोमीटरच्या बीआरएमला १३ तास ३० मिनिटं मिळतात आणि शेवटच्या तासातही ब्रेक याच बोटांनी दाबायचा असतो.

मी २८ मिमीचे टायर घेतले, हवा ७० वर आणली आणि स्टेम बदलला. सायकल तीच आहे. पुढच्या १०० किलोमीटरनंतर घरी आले, तेव्हा आई दारातच उभी होती. बक्कल मी स्वतःच काढलं.