गाणं शिकणाऱ्याला कसली आलीय इंटर्नशिप?

संगीत घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या नाशिकच्या मुलांच्या घरी हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "गाणं शिकणाऱ्याला कसली आलीय इंटर्नशिप? रियाज सोडून ऑफिसात बसायचं?" पालकांचं एक वेळ समजू शकतं. पण गाण्याचे क्लास चालवणारेही हेच म्हणतात, वर "आपल्या परंपरेत असलं काही नव्हतं" अशी पुस्ती जोडतात, तेव्हा मात्र हात जोडावेसे वाटतात.

परंपरेचंच काढलं आहे, तर विष्णु दिगंबर पलुस्करांपासून सुरुवात करू. उत्तरायुष्यात ते नाशिकला राहिले, इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला; त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर 1921 साली नाशिकलाच जन्मले. याच विष्णु दिगंबरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे तिथे 'उपदेशक वर्ग' चालवला. त्यातली मुलं नऊ वर्षांचा करार करून विद्यालयातच राहत. खाण्यापिण्याचा खर्च विद्यालयाचा, आणि मुलांनी शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचं. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, वाद्यं दुरुस्त करण्याची सोय होती. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकुर यांच्याकडे तर विशीच्या उंबरठ्यावरच लाहोरच्या विद्यालयाची सूत्रं आली. याला कामातून शिकणं नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं? शंका असेल त्यांनी बी. आर. देवधरांनी लिहिलेलं विष्णु दिगंबरांचं चरित्र काढावं, किंवा जानकी बखले यांचं 'टू मेन अँड म्युझिक' वाचावं.

आता रियाज बुडण्याचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जी नवी रचना आली, तीत एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार क्रेडिटचं 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120. रोज चार तास धरले तर महिनाभरात संपतं. एवढ्याने ज्याचा रियाज मोडतो, त्याचा तो आधीच मोडलेला असतो.

आणि ऑफिसात बसायला सांगितलंय कोणी? कालिदास कलामंदिरात ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याच्या शेजारी बसलं की तानपुऱ्याचा माईक कुठे ठेवायचा, फीडबॅक का येतो, गायकाच्या मॉनिटरमध्ये तबला किती द्यायचा, हे कळतं. वर्गात फळ्यावर यातलं काही येत नाही. पाडवा पहाटेचं संयोजन करणाऱ्यांकडे परवानग्या, कलाकारांची ने-आण आणि मानधनाचा व्यवहार शिकता येतो. शाळेत सातवीच्या अख्ख्या वर्गाला एका सुरात आणणं तर मैफलीहून अवघड. पुढे संगीतशिक्षक व्हायचं असेल, तर तो धक्का आधीच बसलेला बरा.

दुसऱ्या बाजूची लबाडीही सांगायला हवी. "अनुभव मिळेल, मानधनाचं नंतर बघू" म्हणत मुलांना लागोपाठ कार्यक्रमांत गायला बसवणं म्हणजे इंटर्नशिप नव्हे, ती वेठबिगारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थेकडून एक पर्यवेक्षक आणि महाविद्यालयाकडून एक मार्गदर्शक अपेक्षित आहे. काय शिकवणार, किती तास आणि कोण बघणार, हे आधी कागदावर घ्या. विचारलं की जो आयोजक रागावतो, त्याच्याकडे जाऊच नका.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट आहेत.

आकाशवाणी केंद्रात काम शिकलं म्हणजे श्रेणी मिळाली, असं नाही. बी, बी-हाय, ए, टॉप या श्रेणी स्वरचाचणीतूनच मिळतात, ओळखीतून नाही.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतले पदवीधरांचे महिना 10,000 रुपये शिकत असलेल्यांसाठी नाहीत. शिक्षण चालू असेल तर अर्जच करता येत नाही.

"नोकरी धरली की कलाकार संपला" म्हणणाऱ्यांनी गायक वसंतराव देशपांडे आठवावेत. लष्कराच्या लेखा विभागात त्यांनी कित्येक वर्षं काढली.

आणि स्टुडिओत उमेदवारी करताना स्वतः बांधलेली चाल दिली, की तिच्यावरचा सगळा हक्क गेला, हेही खरं नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देऊनच टाकता येत नाही. तसं कलम करारात घातलं, तरी ते टिकत नाही.