हिशेबातील फट आणि तिचे माप

हिशेब तपासताना तपासनिसाला दोन गोष्टी आढळतात. एक चुकलेला आकडा आणि दुसरी, चूक जिच्यातून आत शिरू शकते अशी फट. आकड्याचे माप रुपयांत मिळते. फटीचे माप कसे घ्यावयाचे, हा प्रश्न पगारातली शिल्लक पतपेढीत ठेवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

समजा, ट्रॉम्ब्यातील एका पतपेढीत रोखपालच रोकड मोजतो, तोच रोजकीर्द लिहितो आणि महिनाअखेर बँकेच्या पासबुकाशी मेळही तोच घालतो. वर्षभरात एक पैही कमी भरलेली नाही. संचालक विचारतील, ‘मग नुकसान कोठे झाले?’ रोखपाल सचोटीचा निघाला, एवढेच यावरून ठरते. उद्या त्याच्या जागी दुसरा आला म्हणजे काय?

म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारतो. या फटीतून चूक शिरण्याचा संभव किती? शिरलीच तर ती जास्तीत जास्त केवढी असेल? आणि तिला वेळीच अडवील अशी दुसरी चौकी पुढे आहे काय? दरमहा दुसरा कोणी अचानक रोकड मोजत असेल, तर वरची उणीव बरीच सौम्य ठरते. सनदी लेखापाल संस्थेचे २६५ क्रमांकाचे मानकही हेच सांगते की, चूक प्रत्यक्ष सापडली नसली तरी उणीव गंभीर असू शकते, आणि अशी उणीव कारभाऱ्यांना लेखी कळविलीच पाहिजे.

हे माप चुकले म्हणजे काय होते, ते आपल्या उपनगरांनी पाहिले आहे. भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. आरंभी ठेवीदाराला अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम-समूहाकडे बँकेच्या एकूण कर्जाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग अडकला होता. पोलिसांतील तक्रारीनुसार, ४४ कर्जखाती झाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत २१,०४९ बनावट खाती घातली होती. बँकेच्या संगणकातील खातेवहीत ती नव्हतीच.

यादी आणि खातेवही यांचा मेळ घालणे हे दिसायला कारकुनी काम. पण त्याच फटीतून सारी बँक निसटू शकत होती. शिवाय वरिष्ठांचाच हात असल्याचा संशय येतो, तेव्हा रक्कम लहान असली तरी उणीव मोठीच धरावी लागते, कारण चौकीवरचा पहारेकरीच मग विश्वासाचा उरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरील ठेवींची फेड दहा वर्षांपर्यंत लांबली.

तेव्हा पुढल्या वार्षिक सभेत नफ्याचा आकडा ऐकून टाळ्या वाजविण्याआधी सभासदाने एवढे विचारावे: तपासनिसाने कोणत्या उणिवा लेखी कळविल्या, आणि त्यांपैकी किती बुजविल्या?