साबरमतीचे पंडित खरे

ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या भागात भजनाला बसलेल्यांत गोड गळ्याचा एखादाच असतो. पण त्याने चरण म्हणताच टाळकरी तो उचलून धरतात आणि ज्याला सूर मुळीच साधत नाही, तोही त्या घोषात सामावून जातो. याच जातीचे काम एका मराठी गवयाने दूर गुजरातेत, गांधीजींच्या आश्रमात केले.

पंडित नारायण मोरेश्वर खरे (१८८९–१९३८) हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधीजींना आश्रमासाठी संगीतज्ञ हवा होता. पलुसकरांनी १९१८ च्या सुमारास खऱ्यांना तिकडे पाठविले. मैफलीचा गवई श्रोत्यांसाठी गातो; खऱ्यांना श्रोत्यांनाच गावयास लावावयाचे होते. समोर मुले, वृद्ध, निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक! तेथे तानांचा पसारा काय कामाचा? चाल अशी हवी, की एकदा ऐकताच ती ओठांवर यावी आणि तरी रागाचे रूप बिघडू नये. गवयाला हे काम हलके वाटेल. मला तर ते मैफलीहून अवघड वाटते.

पहाटेच्या व सायंकाळच्या प्रार्थनेत गावयाची पदे त्यांनी ‘आश्रम भजनावलि’त एकत्र केली. तीत तुकोबांचे अभंग आहेत, हिंदी, गुजराती, बंगाली भजने आहेत आणि ख्रिस्ती प्रार्थनागीतही आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी मीराबेनसाठी यांतील पदांचे इंग्रजी भाषांतर केले.

त्याच वर्षाच्या आरंभी आश्रमात देवीच्या रोगाची साथ आली व तीत पंडितजींचा लहान मुलगा दगावला. हे दुःख ताजे असतानाच १२ मार्चला दांडीयात्रा निघाली. गांधीजींनी निवडलेल्या ७८ सत्याग्रहींत पंडितजी होते. सुमारे २४१ मैलांच्या त्या वाटचालीत प्रार्थनेची भजने त्यांनीच सांगितली, आणि त्यांच्यामागून साऱ्यांनी म्हटली.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा येथे त्यांनी देह ठेवला. भजनावलीत पदांच्या माथ्यावर राग व ताल दिलेले आहेत. शाळेत पेटी असेल, तर त्यांतील एखादे पद गुरुजींकडून त्याच रागात म्हणवून घ्या, आणि मग सर्वांनी मिळून म्हणा.