त्यांची सुट्टी, आमचा बुधवार

मुळशी तलावाच्या काठाने ताम्हिणीकडे जाताना आमचं घर लागतं. पुढे भाताची खाचरं, बाजूला गोठा आणि मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. शनिवार-रविवारची मंडळी येतात, भजी खातात, फोटो काढतात आणि जातात. आठवडाभर राहणारं जोडपं क्वचितच येतं. या भादव्यात चिंचवडचं एक आलं. त्यांचं अंदमानला जायचं ठरलेलं होतं. विमानाच्या तिकिटांचे भाव बघून बेत फिरला आणि बेटावरचा आठवडा मुळशीच्या वाट्याला आला. सोबत आणलेल्या यादीत राफ्टिंग, गड, जंगलातली वाट आणि धबधब्याखालच्या डोहात उडी, असं सगळं होतं. यातलं काय होईल आणि काय होणार नाही हे ठरवणं माझं काम, आणि माझ्यापेक्षाही बायकोचं. त्या आठवड्यातला हा बुधवार.

पहाटे 4.30

बायको आधी उठते. बंब पेटतो, गाईचं आटोपतं, पोह्यांसाठी कांदा चिरून होतो. मी दार उघडून आधी ओढ्याचा कानोसा घेतो. अंगणात थेंबही नसला, तरी वर डोंगरात पाऊस झाला असेल तर ओढ्याचा आवाज चढलेला असतो. मग गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, कारण मोबाईलला रेंज तिथेच येते. हवामान खात्याचा इशारा पिवळा आहे की नारिंगी, ते बघतो. लाल असेल तर त्या दिवशी पाहुण्यांनी ओटीवर बसून पत्ते खेळायचे.

घाटमाथ्याचा पाऊस शहरातल्या माणसाला आकड्यात सांगावा लागतो. 25 जुलै 2024 ला सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात 700-750 च्या आसपास पडतो. एवढं ऐकलं की यादीतल्या निम्म्या गोष्टींवर पाहुणे स्वतःच काट मारतात.

आज इशारा नव्हता. ओढा कालच्याइतकाच होता. राफ्टिंगला हरकत नव्हती.

5.30

पोहे, उकडलेली अंडी, चहा. निघण्यापूर्वीची तपासणी बायकोच करते. कोरड्या कपड्यांचा जोड पिशवीत घेतला का? चष्म्याला दोरी बांधली का? चपला पट्ट्याच्या आहेत का? जोडप्यातल्या मुलीने बोटातली अंगठी काढून बायकोच्या हातात दिली. तिच्या नवऱ्याने मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी मागितली. "मोबाईल गाडीतच राहू दे," बायको म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. नाही म्हणायचं काम घरात एकानेच करावं, म्हणजे पाहुण्याला दुसरीकडे दाद मागता येत नाही.

6.15

ताम्हिणी घाटात धुकं होतं. सकाळी या रस्त्याने विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीचे ट्रक येतात, त्यामुळे दिवे लावून, वळणावर हॉर्न देत, डाव्या कडेने चालायचं. दोन्ही अंगांना पाणी कोसळत होतं आणि दर वळणाला मागून आवाज यायचा, "काका, इथे दोनच मिनिटं!" वळणावर गाडी थांबवत नाही. धुक्यात उभी गाडी मागच्याला दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिवाय या दिवसांत कड्याखाली उभं राहू नये, भिजलेल्या डोंगरातून दगड सुटतात. पुढे सरळ, मोकळी जागा बघून गाडी घेतली आणि दोघांना खाली उतरू दिलं.

माथ्यावर कारवी, तेरडा, सोनकीचा पिवळा पट्टा. घाट उतरताना हवा बदलत जाते, अंगाला घाम येऊ लागतो आणि विळ्याला पोचेपर्यंत कोकण लागलेलं असतं.

7.45

सुतारवाडीच्या पुढे साजे गाव, तिथून राफ्ट पाण्यात सोडतात. कुंडलिकेचं पाणी अजून खालीच होतं, खडक उघडे दिसत होते. मुलीचा चेहरा उतरला. "यात राफ्ट चालणार?"

"पाणी यायचंय," मी म्हणालो. "आमच्याच तलावाचं."

हे मला दर वेळी सांगायला आवडतं. मुळा नदी मुळात पूर्वेकडची. तिचं पाणी पुण्याला मुठेत मिसळावं, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जावं, असा त्याचा मार्ग. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते अडवलं, बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून नळांमधून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. 1927 पासून तिथे वीज तयार होते आहे. जनित्रं फिरवून मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. ताम्हिणीत पडलेला थेंब कोणत्या समुद्राला मिळणार, हे माणसाने बदललं. कोलाडचं हे राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. म्हणूनच इतर नद्या आटल्या तरी ते उन्हाळ्यातही चालतं, आणि म्हणूनच ते सकाळी करावं लागतं. पाण्याची वेळ वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे.

9.00

पाणी चढलं. बघता बघता खडक बुडाले. हेल्मेट आणि लाईफ जॅकेट चढवून सगळे काठावर उभे राहिले. इथला गाईड सूचना देतो तेव्हा मी माझ्या पाहुण्यांच्या मागे उभा राहतो, ते ऐकतात की नाही ते बघायला. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, खडक आला तर पायाने ढकला. प्रवाहात उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकला तर पाणी डोकं खाली दाबतं. वल्ह्याच्या मुठीवरचा हात सोडू नका, नाहीतर शेजारच्याचे दात जातात.

नवऱ्याला वल्हवण्याची घाई होती. मुलगी सूचना मनात म्हणत होती. राफ्ट सुटला.

मी राफ्टमध्ये बसत नाही. रिकामी गाडी सुमारे 12 किलोमीटर खालच्या टोकाला न्यायची, टॉवेल काढून ठेवायचे, टपरीवाल्याला चहा सांगून ठेवायचा, हे माझं राफ्टिंग.

11.15

दोघं भिजून चिंब आली आणि एकाच वेळी बोलत होती. पहिल्या मोठ्या लाटेला त्याने वल्हं सोडून दोरी धरली होती आणि तिने वल्हवणं थांबवलं नव्हतं. हा विषय आता पुढची कित्येक वर्षं पुरेल. चहा झाला, कपडे बदलले. गाडी घाट चढायला लागेपर्यंत मागची दोघं झोपली होती.

1.30

जेवायला तांदळाची भाकरी, करटुल्याची भाजी, आंबेमोहराचा भात, वरण, लिंबाचं लोणचं. आंबेमोहर आता आमच्याकडे थोडाच लावतात. इंद्रायणीचा उतारा जास्त, म्हणून बहुतेक खाचरांत तीच असते. आम्ही एक खाचर आंबेमोहराला ठेवलं आहे, कारण भात शिजताना येणाऱ्या वासाला पाहुणे खोलीतून उठून येतात.

सकाळपासून बायकोने काय केलं, हे पाहुण्यांना दिसत नाही. धारा काढून डेअरीत दूध घातलं, चादरी धुऊन माळ्यावर वाळत टाकल्या, बांधावरचं गवत कापलं. शिवाय फोनही घेतले. एका टोळक्याला शनिवारी धबधब्याजवळ बाटल्या घेऊन बसायची सोय हवी होती. तिने नाही सांगितलं. दुसऱ्याने जंगलातल्या वाटेबद्दल विचारलं, "अंधारबन चालू आहे का?" तिने सांगितलं, आधी वनखात्याकडे विचारा, ते हो म्हणाले तर आम्हाला फोन करा. पावसाळ्यात या भागात बंदीचे आदेश निघतात, उठतात, पुन्हा निघतात. त्यातून वाट काढून देणारे भेटतात, पण आमच्याकडे नाही.

3.30

थोडी झोप झाल्यावर दोघांना निवे फाट्यावरून पिंपरीच्या बाजूला नेलं. तिथून कुंडलिकेची दरी दिसते. समोर सरळ तुटलेले कडे, तळाशी भिऱ्याकडचा हिरवा पट्टा. सकाळी ज्या पाण्यात वल्हवलं, त्याची दरी आता वरून दिसत होती. मुलगी बराच वेळ गप्प उभी होती. इकडचं बरंचसं जंगल 2013 मध्ये जाहीर झालेल्या ताम्हिणी अभयारण्यात येतं. एका उंच झाडाच्या शेंड्यावर शेकरूचं घरटं होतं. शेकरू काही दिसलं नाही.

मग नवऱ्याने यादी काढली. प्लस व्हॅलीतला डोह राहिला होता. "काका, मी पोहतो. स्पर्धांत उतरलोय. फक्त एक उडी."

मी त्याला डोह दाखवायलाही नेलं नाही. पोहता येणं हा तिथे मुद्दाच नाही. धबधब्याखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, असं पाणी माणसाला पेलत नाही. पडणारा लोट माणसाला खाली दाबतो आणि फिरवून पुन्हा लोटाखालीच आणतो. वरून डोह शांत दिसतो, खालून बाहेर जाणाऱ्या पाण्याची ओढ दिसत नाही. काठाच्या खडकांवर शेवाळ असतं, त्यामुळे हाताला धरायला काही मिळत नाही. आणि दरीच्या डोक्यावर, तुम्हाला दिसतही नाही अशा जागी, एक सर पडून गेली की पाणी मिनिटांत चढतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, की बाहेर पडायला वेळ उरलेला नसतो. इथे बुडालेल्यांत चांगले पोहणारे होते. त्यांना बाहेर काढायला दोर घेऊन उतरणारी माणसं आसपासच्या गावांतली आणि बचाव पथकांतली असतात.

तो रुसला. मुलगी त्याला हळूच म्हणाली, "सकाळी वल्हं कोणी सोडलं होतं?" रुसवा तिथेच संपला.

6.00

घरी परत आलो आणि तलावाच्या काठावर बसलो. भादव्यात तलाव काठोकाठ असतो, टेकड्यांचे माथे तेवढे पाण्याच्या वर राहतात. "हे बघ आपलं बेट," मुलगी म्हणाली. पोहत जाता येईल का, हा प्रश्न ठरल्यासारखा आला. येणार नाही. इथला काठ म्हणजे बुडालेली शेतं आणि बांध, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडतं.

मग पाण्याखाली काय आहे ते सांगितलं. या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं धरणात जाणार होती. जमिनी मावळ्यांच्या, वीज मुंबईच्या गिरण्यांना. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. शेतकरी आणि बाया तुरुंगात गेल्या, लढा 1924 पर्यंत चालला आणि धरण झालं. धरणाविरुद्धचा विस्थापितांचा इतका जुना संघटित लढा देशात क्वचितच सापडेल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती आणि देवळांचे दगड उघडे पडतात.

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे सकाळचं ते राफ्टिंग..."

"त्याच पाण्यावरचं," मी म्हणालो. राफ्टिंग केलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण कोणाच्या जमिनीवरून ते पाणी आलं हे ठाऊक असावं, एवढंच.

8.00

जेवणाला पिठलं-भाकरी आणि ठेचा. वीज दोनदा गेली. वीजघराच्या तलावाकाठी बसून कंदील लावताना आम्ही आता हसतही नाही. रात्रीचा नियम एकच, टॉर्चशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. पावसाळ्यात फुरसं, चापडा दगडात, झुडपात बसलेले असतात. साप चावला तर बांधणं नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. माणसाला हलू न देता गाडीत घालायचं आणि दवाखाना गाठायचा.

9.30

पाहुणे झोपले. दुसऱ्या दिवसाची तयारी उरते. गुरुवारी घनगड ठरला होता. गड छोटा, एकोले गावाच्या डोक्यावर, वाटेत लोखंडी शिडी, समोर तैलबैल्याच्या दोन भिंती. पाऊस असेल तर शिडी ओली असते, मग गड सोडून फक्त गावापर्यंत जायचं. बायकोने डब्याचं पीठ मळून ठेवलं, मी गाडीचे वायपर बदलले, वहीत दिवसाचा हिशेब लिहिला.

मुळशीत साहस करायला येणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. आठवड्याच्या मधल्या वारी या, रस्ता आणि आम्ही दोघंही तेव्हा मोकळे असतो. निघण्यापूर्वी कुठे जाताय आणि किती वाजता परताल हे गावातल्या एका माणसाला सांगून ठेवा. बाटल्या आणि पिशव्या आणाल तशा परत न्या. आणि इथे राहणारा माणूस नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. डोह पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे, तुम्हीही असायला हवं.